आमचा नंबर पाच

आचोळे रोड, नालासोपारा (पूर्व)
१६ फेब्रुवारी २००४

प्रिय ताई,

तुझं जाड पाकीट येऊन अकरा दिवस झाले. त्याबद्दल शेवटी लिहीन, आधी नाही. फोनवर मी दोनदा ‘कळवते, कळवते’ म्हणत वेळ मारून नेली, कारण तू पलीकडे रडायला लागलीस की माझी जीभ अडखळते आणि मी भलत्याच गोष्टीला हो म्हणून बसते. लहानपणापासूनचं आहे हे, तुला ठाऊक आहे आणि तू त्याचा फायदाही घेतला आहेस. कागदावर तुला मला मधेच तोडता येत नाही, म्हणून हे पत्र. सुमेध ऑफिसला गेलाय. आर्या समोर जमिनीवर चित्र रंगवतेय. कुकर लावायचाय, पण संपवल्याशिवाय उठणार नाही.

सगळं सुरू झालं ते तू अमेरिकेहून पाठवलेल्या डिस्कांपासून. दिवाळीत भावजींच्या मित्राबरोबर तू त्या चार डिस्क पाठवल्यास, बहिऱ्या मुलांना हातांची भाषा शिकवणाऱ्या. सोबत चिठ्ठी होती, ‘जागू, आर्यासारख्या मुलांसाठी इथे असं कितीतरी मिळतं.’ भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं नव्या डीव्हीडी प्लेअरसमोर बसलो. सुमेधने चांगल्या कंपनीचा घेतला होता, रस्त्यावरचा चिनी नको म्हणून. डिस्क आत गेली, थोडी घरघरली आणि पडदा निळा झाला. त्यावर इंग्रजीत एकच ओळ. ही डिस्क या प्रदेशात चालवता येणार नाही. आर्याला वाटलं, सिनेमा सुरू होतोय. ती टाळ्या वाजवायला लागली. त्या टाळ्या थांबवायला मला जमेना, ताई. ओळ तशीच आणि ती टाळ्या वाजवतेय.

मी डिस्क घेऊन वसईला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या माणसाने डिस्क उलटसुलट केली आणि तिच्यावरचं पृथ्वीच्या गोळ्याचं बारीक चित्र दाखवलं. त्यात एक आकडा होता. म्हणाला, “मॅडम, ही एक नंबरची. अमेरिकेची. आपला नंबर पाच.” कोणी दिला आपल्याला हा नंबर, म्हटलं. तेव्हा त्याने समजावलं. सिनेमावाल्यांनी जगाचे तुकडे पाडलेत. अमेरिका एक, युरोप-जपान दोन, असं करत करत आपण, रशिया आणि आफ्रिका पाचव्यात. का, तर सिनेमा आधी तिकडे लागतो, आपल्याकडे काही महिन्यांनी. तिकडची डिस्क इकडे आधी आली तर थिएटर ओस पडेल. शिवाय प्रत्येक देशात किंमत वेगळी आणि विकण्याचा हक्क वेगळ्या कंपनीला दिलेला. एकाचा माल दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये म्हणून डिस्कमध्ये आणि मशीनमध्ये दोन्हीकडे कुलूप. व्हिडिओ गेमचंही तेच म्हणे, जपानची गेम अमेरिकेच्या मशीनवर चालत नाही.

मी म्हटलं, अहो, हा काही सिनेमा नाही. बहिऱ्या मुलांना ‘पाणी’ आणि ‘मांजर’ शिकवणारी डिस्क कुठल्या थिएटरला लागायची होती? तो म्हणाला, कुलूप लावताना आत काय आहे ते कोण बघतं, सगळ्यांना सरसकट लावतात. मग उघडून द्या म्हटलं, तर मान हलवली. नियमात बसत नाही, वॉरंटी जाईल. ताई, तुझ्या घामाच्या पैशाने रीतसर दुकानातून घेतलेली वस्तू, आणि मी चोरासारखी त्या काउंटरसमोर उभी! मला इतकी चीड आली की मी वॉरंटीचं कार्ड तिथेच फाडलं. हो, फाडलं. आता तर नियमात बसतं ना, म्हटलं. तो बिचारा घाबरून इकडेतिकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, “गिरीजला चर्चच्या पुढे बॅप्टिस्टचं रिपेरिंगचं दुकान आहे. त्याची मुलगी बहिरी आहे, ती करते असली कामं.”

बहिरी हा शब्द त्याने सहज उच्चारला. मला मात्र आतून काहीतरी टोचलं. आठ वर्षांत मला आर्यासारखं मोठं माणूस एकही भेटलं नव्हतं. बहिरी मुलं मोठी होऊन कुठे जातात, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. भीती वाटायची, दुसरं काय.

पुढच्या शनिवारी आर्याला आणि पिशवीत घातलेल्या प्लेअरला घेऊन गिरीजला गेले. केळीच्या वाडीला लागून एक पत्र्याचं दुकान, बाहेर उघडे पडलेले टीव्ही. बॅप्टिस्ट अंकल साठीचे असतील. त्यांची ग्रेसी तिशीची, गाउनवर खिशाचा एप्रन, कानामागे स्क्रू ड्रायव्हर. फळीवर व्हिडिओ गेमची सात-आठ मशीनं मांडलेली, दुबई-मस्कतहून लोकांनी आणलेली, सगळी तिने उघडून कुलपं काढलेली. मी काही सांगण्याआधीच तिने डिस्कवरचा तो गोळा पाहिला, आकड्यावर बोट ठेवलं आणि तोंड असं वाकडं केलं की मला हसू फुटलं. मग तिने प्लेअर जोडला, रिमोट घेतला, ट्रे उघडा ठेवून पाचसहा बटणं भराभर दाबली. पडद्यावर एक वेगळीच यादी आली, कंपनीच्या लोकांसाठी लपवून ठेवलेली. त्यात पाच होता. तिने त्याचं शून्य केलं, म्हणजे सगळे नंबर चालतील असं. दोन मिनिटंही लागली नाहीत, ताई. ज्यासाठी मी आठवडाभर तडफडले, ते कुलूप एवढंसं होतं.

डिस्क सुरू झाली. सोनेरी केसांची एक बाई हसत हसत हात हलवायला लागली. आर्या पुढे सरकून बघत होती, नेहमीसारखी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन. ग्रेसीचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. ती आर्याकडे बघत होती. तिने बापाला खुणेने काहीतरी विचारलं आणि त्यांनी मला विचारलं, “बाय, ही पोर हातांवर का बसते?”

आता जे लिहिते ते तुला कधी सांगितलं नाही. सुमेधलाही अर्धंच माहीत आहे. आर्याच्या शाळेत हात हलवायला बंदी होती. हात हलवले तर मूल बोलायला शिकणार नाही, असं बाईंचं म्हणणं. ओठ बघायचे, आरशासमोर घोकायचं, आणि हात उठला की त्यावर पट्टी. घरीही तसंच करा, असं पालकसभेत सांगितलं होतं. मी केलं. चार वर्षं केलं, ताई. पोळी मागायला तिने हात पुढे केला तरी मी त्यावर चापट मारायचे आणि ओठांनी माग म्हणायचे. मी चांगली आई होते ना, शाळेचं सगळं ऐकणारी. शेवटी ती आपले आपणच हात दाबून बसायला लागली. बाई म्हणाल्या, छान प्रगती आहे. बॅप्टिस्ट अंकल न सांगताच समजले असावेत, कारण त्यांनी नजर खाली घातली आणि उगीचच सोल्डरिंगची तार गुंडाळत बसले.

ग्रेसी खाली आर्यासमोर मांडी घालून बसली. पडद्यावरच्या बाईने ‘आई’ म्हणून अंगठा हनुवटीला लावला, तर ग्रेसीला हसूच आवरेना. तिने मान हलवली, छे छे, तिकडची, आपल्याकडे असं नाही. अंकलांनी तिचं म्हणणं मला उलगडून सांगितलं, अमेरिकेत अक्षरंसुद्धा एका हाताने काढतात, आपल्याकडची बहिरी माणसं दोन्ही हातांनी. मला तर माहीतच नव्हतं की हातांच्या भाषाही देशोदेशी वेगळ्या असतात. ग्रेसीने माझ्याकडे बोट केलं आणि मग आपल्या नाकपुडीला टेकवलं, चमकी असते तिथे. आर्याने माझ्या चमकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मांडीखालून उजवा हात हळूच काढला, आपल्या नाकाला लावला आणि माझ्याकडे बोट केलं. ताई, आरशासमोर घोकलेला ‘आ’ मी चार वर्षं ऐकला होता. हाक मला त्या दिवशी पहिल्यांदा आली. मी त्या दुकानात, उघड्या टीव्हींमध्ये, हमसून हमसून रडले. ग्रेसीने मला चहा पाजला.

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही गिरीजला जातो. मीही शिकते, पण आर्या माझ्या चुकांना खदाखदा हसते. बाबा म्हणजे मिशीला पीळ, म्हणून सुमेधने चक्क मिशी ठेवली आहे, अगदी विनोदी दिसतो. तुझ्या डिस्क वाया गेल्या असं मात्र समजू नकोस. चौथ्या डिस्कमध्ये एक म्हातारा बहिरा माणूस कोल्ह्याची गोष्ट सांगतो, ती आर्याने तीसेक वेळा तरी पाहिली असेल. खुणा परक्या आहेत, पण हातांनी गोष्ट सांगता येते हे तिला त्याच्याकडून कळलं.

डिसेंबरात मी शाळेत जाऊन सांगितलं की माझ्या मुलीच्या हातावर यापुढे पट्टी लागणार नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मग दुसरी शाळा बघा. मी तिथेच अर्ज लिहिला आणि नाव काढून घेतलं. सुमेध हादरला. दाखला हातात, पुढची शाळा ठरलेली नाही, आणि बायको म्हणते बघू. त्याने मला न सांगता तुला फोन केला. त्याचा मला राग आला होता, आता नाही. तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस मोठ्या माणसाकडे धावतो. आता जूनसाठी बोरिवलीच्या एका शाळेने हो म्हटलंय, तिथे खुणांनी शिकवतात. ने-आण मी करणार. तोवर मी आणि ग्रेसी. पुढचं सगळं नीट होईल याची खात्री मला नाही, आणि खोटी खात्री मी तुला देणार नाही.

आता तुझं पाकीट. आर्याच्या दत्तकविधानाचे कागद मी परत पाठवते आहे. तू पेन्सिलीने खूण केलेल्या जागी सुमेधने घाईने सही केली होती, ती माझ्यासमोर त्याने स्वतः खोडली. माझी नव्हतीच. तू लिहिलंस, ‘तिच्यासाठी तिथे काय आहे?’ इथे ग्रेसी आहे. इथे नाकाला लावलेलं बोट आहे. आठ वर्षं मुकी राहिलेली माझी मुलगी आता कुठे मला हाक मारायला लागलीय, आणि तिने हनुवटीला अंगठा लावून दुसऱ्या कुणाला आई म्हणावं, यावर मी सही करू? हा माझा स्वार्थ असेल तर आहे. तिकडच्या वस्तू कुलूप घालून आमच्यापासून राखतात आणि आमची मुलं मात्र खुशाल तिकडे मागतात, हा कुठला न्याय? तू रंगवून ठेवलेल्या पिवळ्या खोलीबद्दल मी वाचलं. त्या खोलीत आधी दोनदा पाळणा आणून परत पाठवावा लागला, हेही मी विसरलेले नाही. पण तुझी रिकामी खोली मी माझ्या मुलीने भरणार नाही, ताई. रागव, फोन करू नकोस, चालेल. आणि राग गेला की तू स्वतः ये, मे महिन्यात, महिनाभर राहायला. हे लिहीत असताना आर्याने तुझ्या फोटोकडे पाहून काहीतरी केलं, मला कळलं नाही, म्हणून तिला पुन्हा करायला लावलं. तिने बोट गालात रुतवून फिरवलं. तुझी खळी. बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला असं एक नाव असतं, दुसऱ्या कुणीतरी ठेवलेलं. मी तिला काही सुचवलं नव्हतं. तुझं नाव तिचं तिनेच ठेवलं.

तुझीच, न ऐकणारी,
जागृती