नकाराचा शकुन

साकात्लान,
सफरचंदं लाल व्हायला लागली तो आठवडा

आदरणीय पाद्रीमामा,

तुमच्या उजव्या हाताला ओठ लावून आणि डाव्या हातापासून (लहानपणी माझा कान तोच धरायचा) बेताचं अंतर राखून तुमचा भाचा लेओबार्दो हे पत्र लिहायला बसला आहे. गुडघे कसे आहेत? पापान्त्लाच्या उकाड्यात ते कुरकुरत नाहीत असं आई म्हणते. इकडे वर डोंगरात नेहमीसारखं धुकं आहे. काल मी समोरून येणाऱ्या बाईला अदबीनं वाट दिली आणि ती टपालपेटी निघाली. आईची प्रकृती उत्तम, कुत्र्याची त्याहून उत्तम. आईला घोर एकच, की फायनलच्या दिवसापासून तिचा सख्खा भाऊ फोन उचलत नाही. "देवाच्या माणसाला एवढा राग शोभतो का रे?" असं ती विचारते, मला नाही, कुत्र्याला. मी मधे पडून म्हटलं, आई, मामा देवाचे असले तरी पापान्त्लाच्या व्हॅनिलावाल्यांच्या संघाचेही आहेत, आणि दोन गोलांनी पुढे असलेली फायनल स्वतःच्या गावात, स्वतःच्या मैदानावर हरली की माणसाला सुतक पाळायचा हक्क आहे. (हे मी तुमच्या बाजूनं बोललो, मामा. पुढचं वाचताना ध्यानात असू द्या.)

तुम्ही मैदानात नव्हतात असं आईला सांगितलंत म्हणे. मामा, आम्ही समोरच्याच स्टँडात होतो. काळा झगा, त्यावर पिवळा मफलर, हातात भाजलेलं कणीस. दुसरा गोल झाला तेव्हा तुम्ही ते कणीस दोन्ही हातांनी, वेदीवरच्या प्रसादासारखं, असं उंचावलंत की आमच्यातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी सवयीनं छातीवर क्रूस केला. आणि नंतरच्या रविवारी प्रवचनात तुमच्या गोलकीपरला नेऊन थेट येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या शेजारी बसवलंत, हेही इथवर पोचलं. त्या गरिबाचा काही दोष नाही हो. तो पोरगा कुणाशी लढत होता हे त्याला कळणंच शक्य नव्हतं. तेच सांगायला हे पत्र.

माझ्या कॉलेजचं तुम्हाला ठाऊकच आहे. प्वेब्लाला तुम्हीच शब्द टाकून मला इंजिनिअरिंगला घातलंत, आणि तिसऱ्या वर्षाचा पेपर आणि आमच्या घड्याळजींचा सामना एकाच दुपारी आला. (संघाचं नाव घड्याळजी, कारण गावात घड्याळं बनतात. गोल मात्र शेवटच्या मिनिटाला खायची परंपरा.) सरांनी विचारलं, "बाळा, फुटबॉल की पदवी?" मी उत्तर पायांनी दिलं. तेव्हापासून सकाळी सफरचंदाच्या वखारीत पेट्या भरतो आणि बाहेरगावी सामना असला की बसमध्ये झेंडा धरतो. आई सगळ्यांना सांगते की फुटबॉलनं पोराचं वाटोळं केलं. हे अर्धसत्य आहे. उरलेलं अर्धं वाटोळं यारेलीनं केलं.

यारेली म्हणजे फिदेन्सिओकाकांची मुलगी. काका म्हणजे चीजभरल्या पावाचे बेकरीवाले, आणि आमच्या बसचे सर्वेसर्वा: मोठा ढोल त्यांचा, गाणी त्यांची, कोण कुठल्या सीटवर बसणार हेही तेच ठरवतात. यारेली ट्रम्पेट वाजवते. मामा, तुम्ही संन्यस्त माणूस, तुम्हाला काय सांगू, पण ती वरच्या पट्टीत सूर लावते तेव्हा तिची डावी भुवई आधी वर जाते आणि सूर मागून येतो. त्या भुवईपायी मी खेळातले निम्मे गोल पाहिलेले नाहीत. काकांचं माझ्याविषयीचं मत त्या काळी एका वाक्याचं होतं: "पेपर अर्धा टाकून आलेला लग्न अर्धं टाकून जाणार नाही कशावरून?"

गेल्या हंगामात आम्ही बाहेरगावी सगळीकडे हरत होतो. अशाच एका दौऱ्यावर वाउचिनांगोच्या अलीकडे, त्या आडव्या वळणावर, बसचं चाक पंक्चर झालं. धुकं. सगळे खाली उतरलेले. चोलेमावशींनी (बसमधलं सगळं खाणं त्यांचं) टोपलीतून त्लाकोयो, म्हणजे घेवड्याचं सारण घातलेल्या मक्याच्या जाड गरम भाकऱ्या, वाटले. या ठिकाणी माझ्या लेखणीचा तोल जातो, कारण तो खाताना यारेलीच्या हनुवटीला हिरवी चटणी लागली होती. माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. मी तिथंच, रस्त्यातल्या चिखलात, गुडघा टेकला आणि सगळ्यांदेखत विचारलं, माझ्याशी लग्न करशील का.

"नाही," ती तोंडात घास असतानाच म्हणाली. "ऊठ, पँट भरली."

मी उठलो, चाक बदललं (रागानं एकट्यानं बदललं), आणि आम्ही ती मॅच तीन-शून्यनं जिंकलो.

पुढच्या दौऱ्यावर मी बसमध्ये शेवटच्या सीटवर तोंड भिंतीकडे करून बसलो. चार-शून्यनं हरलो. परतताना ढोलावर हनुवटी टेकून काका बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता पोरीला त्रास दिल्याबद्दल बसमधून उतरवणार. ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला "बाळ" म्हणाले. "बाळ, पुढच्या वेळी तिला पुन्हा विचार."

"ती नाही म्हणेल, काका."

"म्हणू दे की!" काकांचे डोळे चमकले. "तीच तर मजा आहे!"

मामा, तुम्ही व्यासपीठावरून अंधश्रद्धेवर बोलता, पण मागच्या हंगामात एकही सामना न धुतलेल्या मोज्यांशिवाय पाहिला नाहीत हे आईनं मला सांगितलेलं आहे. तेव्हा तुम्हाला समजेल. त्या दिवसापासून प्रत्येक दौऱ्याला बस त्याच वळणावर थांबायची. चाक धडधाकट असलं तरी ड्रायव्हर ते उतरवून पुन्हा बसवायचा. चोलेमावशी त्लाकोयो वाटायच्या, यारेलीच्या हनुवटीला चटणी लावायच्या (तिनं स्वतः लावलेली चालत नसे), आणि मी चिखलात गुडघा टेकायचा. नकार मिळाला की टाळ्या, ढोल, आणि बस चालू. आणि आम्ही जिंकत सुटलो! गाव खूश, काका खूश, आणि माझी एक पँट कायमची चिखलाची.

वर पुन्हा मार्गदर्शन. "मागल्या खेपेला गुडघा उजवा होता," चोलेमावशी म्हणायच्या. "आणि आवाज का कोरडा? रात्री नीट झोपलास वाटतं? प्रेमात असं झोपतात होय रे!" काका म्हणायचे, "मनापासून विचार, बाळ. तुझं काळीज फुटलं नाही तर आपला बचाव फुटतो." मधल्या एका बुधवारी मी बेकरीत पाव आणायला गेलो आणि न राहवून हळूच यारेलीला विचारायला तोंड उघडलं, तर काका भट्टीमागून ओरडले, "अरे, आज सामना नाही! नकार वाया घालवू नकोस!"

पण मामा, मी झेंडा धरणारा माणूस आहे, वारा बदललेला मला आधी कळतो. यारेलीचं 'नाही' बदलत चाललं होतं. पहिलं 'नाही' दगडासारखं होतं. मग ते नुसतं शिळ्या पावासारखं कडक झालं. मग एकदा ती माझ्याकडे बघत राहिली, भुवई वर गेली आणि सूर आलाच नाही. बसमधले सगळे वाकून बघायला लागले. अखेर 'नाही' आलं, पण इतकं मऊ, की आम्ही तो सामना कसाबसा एका गोलानं जिंकलो आणि परतीच्या वाटेवर सगळ्यांनी तिलाच फैलावर घेतलं. "अगं, नकार आहे का सांत्वन?" चोलेमावशी. "जरा ठसक्यात म्हण की. पोरं मैदानात मरमर मरतात." उतरताना यारेली मला एवढंच म्हणाली, "फायनल होऊ दे. त्याआधी मला काही बोलता यायचं नाही."

आता फायनल. तुमच्या पापान्त्लाला येताना मी सदरा इस्त्री केला होता. वाटलं, आजचं एक शेवटचं 'नाही' झेललं की सुटलो. वळण जवळ आलं. काका प्रसन्नपणे मांडीवर ठेका धरून मला म्हणाले, "आज जिंकलो की वरच्या लीगमध्ये! तिथं दौरे दुप्पट, बाळ. दुप्पट दौरे, दुप्पट नकार! तुझं म्हातारपण मार्गी लागलं."

मामा, माझ्या डोळ्यांपुढे माझं म्हातारपण उभं राहिलं. काठी टेकत, चिखलात, उजवा गुडघा आधी. डोक्यात राख घातली मी. उभा राहिलो आणि ओरडलो, "आज विचारणार नाही! आज नाही, उद्या नाही, कध्धी नाही!"

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. काकांनी आधी दटावलं, मग टोपी काढून विनवलं. चोलेमावशींनी त्लाकोयो दाखवून पाहिला. मी झेंड्याच्या काठीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलो तो तुमच्या मैदानापर्यंत. यारेली ट्रम्पेट पुसत खिडकीबाहेर बघत होती.

पहिल्या अर्ध्यात काय झालं ते तुम्ही कणसासकट पाहिलंत. दोन-शून्य. विश्रांतीला आमच्या स्टँडातला प्रत्येक माणूस वळून माझ्याकडे बघायला लागला, आणि मग सुरू झालं: "वि-चार! वि-चार!" ढोलावर, ठेक्यात! (तुम्हाला वाटलं असेल आम्ही खेळाडूंना डावपेचांचा विचार करायला सांगतोय. तुमच्या स्टँडातून कुणीतरी "आता विचार करून काय उपयोग!" असं ओरडल्याचं मी ऐकलं. आवाज ओळखीचा वाटला.) मी मान खाली घालून बसलो. माझ्या गुडघ्यांना कुणाचं तरी ट्रम्पेट लागलं. वर पाहतो तर यारेली. तिनं टोपलीतली चटणी बोटावर घेतली, ती माझ्या हनुवटीला लावली, सिमेंटच्या पायरीवर गुडघा टेकला, उजवा, आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "लेओबार्दो, माझ्याशी लग्न करशील?"

ढोल थांबला. मामा, कबुलीजबाब ऐकून ऐकून तुम्हाला माणसाचं मन कळतं, तर सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? ज्या एका प्रश्नासाठी मी सगळ्या डोंगरातला चिखल पँटीला लावून घेतला, तो प्रश्न स्वतः चालत आला होता. 'हो' माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं, चपला घालून तयार. तेवढ्यात मला काका दिसले. टिपरू हवेत तसंच, आणि डोळ्यांत पाणी. त्यांच्या मागे चोलेमावशी, ओठांवर बोटं दाबून. त्यांच्याही मागे मैदान, आणि बोगद्यातून खाली मान घालून बाहेर येणारे आमचे अकरा घड्याळजी. आणि यारेली, ती डोळ्याची पापणी न लववता माझ्याकडे बघत होती.

मी 'नाही' म्हणालो. पुटपुटलो नाही, मामा. असा ओरडलो की तुमचा तो गोलकीपर दचकून वळला (यहूदा प्रकरण बंद करा आता), आणि मग तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडलो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. एक. मग दोन. आणि जन्मभर शेवटच्या मिनिटाला गोल खाणाऱ्या घड्याळजींनी शेवटच्या मिनिटाला तिसरा मारला. काकांनी ढोल फोडला. खरोखरच फोडला, हात कोपरापर्यंत आत गेला. मी मात्र नाचलो नाही. झेंडा गुंडाळून बसकडे निघालो. वाटलं, कप वर गेला, लीग वर गेली, आणि मी माझ्या हातानं माझं नशीब खाली टाकलं. बसच्या दारात यारेली उभी.

"कुठं निघालास?"

"तू विचारलंस आणि मी नाही म्हटलं," मी म्हणालो. "आता तोंड कुठं दाखवू?"

"मूर्खा," ती म्हणाली. "तू 'हो' म्हणाला असतास ना, तर मी तुझं जन्मात तोंड पाहिलं नसतं. दोन-शून्यनं मागे असताना स्वतःचं सुख बघणाऱ्या माणसाशी कोण संसार करणार?" आणि तिनं आपल्या बाहीनं माझ्या हनुवटीची चटणी पुसली. मामा, कपाची मिरवणूक मी पाहिली नाही. भुवई पाहिली. ती वर गेली, आणि या वेळी सूर आला.

काकांनी आशीर्वाद दिला. म्हणाले, पेपर अर्धा टाकलास, पण सामना पुरा केलास. आईनं रडून घेतलं, कुत्र्याला सगळं सांगितलं. आता फक्त तुमचा राग उतरायचा राहिला आहे. उतरेल ना?

तुमचा आज्ञाधारक (इंजिनिअरिंग सोडून बाकी बाबतींत),
लेओबार्दो

ता. क. मूळ काम सांगायचं राहिलंच. लग्न तुम्हीच लावायचं आहे. येत्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी, सकाळी लवकर, कारण दुपारी तेवाकानला सामना आहे आणि वरात चर्चमधून थेट बसमध्ये बसणार. तुमची सीट काकांनी पुढची ठेवली आहे, गुडघ्यांसाठी.

आणखी ता. क. काका म्हणतात, फायनलला मामा जसे होते तसेच यायला हवेत. म्हणजे पिवळा मफलर आणि कणीस. मफलर झग्याच्या आत चालेल. कणीस आम्ही देऊ. मोजे तुम्हाला सांगायला नकोत.

शेवटचं ता. क., आणि हे नीट वाचा. तुम्ही यारेलीला "या पुरुषाचा पती म्हणून स्वीकार करतेस का?" असं विचाराल, तेव्हा ती चांगल्या खणखणीत आवाजात 'नाही' म्हणेल. चर्चमध्ये टाळ्या वाजतील आणि ढोलही वाजेल (नवा घेतला आहे). घाबरू नका, पुस्तक मिटू नका, बिशपना कळवू नका. तेवाकानचा संघ फार तगडा आहे हो. ढोल थांबला की तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारा, जरा पटकन, कारण तोवर मी श्वास घेतलेला नसेन.