नाकाची खूण

३ जानेवारी २०२५, शुक्रवार
आजपासून मी मॅनेजर. कुवेतमधल्या फिंतासची शुक्रवार बेसबॉल लीग, ‘क’ गट. ‘ड’ गट नाही, त्यामुळे आमच्या खाली कुणीच नाही. आठ वर्षं खेळलो, मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात. तिथे बॉल येत नाही. सहा वेळा आला, तेव्हा ऊन डोळ्यांत होतं. कॅप्टन हारून म्हणाला, साहेब, आता पायांना आराम द्या, डोकं वापरा. माझं डोकं ओळखायला या दापोलीकराला आठ वर्षं लागली!
संकल्प : रमजानच्या आत फायनल जिंकायची आणि ‘ब’ गटात जायचं. नाहीतर परत कोपरा.

४ जानेवारी
खुणा ठरवल्या. बेसबॉलमध्ये मॅनेजर ओरडत नाही. टोपीला हात : थांब. नाकाला हात : पुढच्या बेसवर पळ. दोनच खुणा, तरी आमच्या पिचरला, संग्रामला, पाठ होईनात. बँकेत आहे म्हणे. कठीण आहे बँकेचं.

१० जानेवारी
सकाळपासून पिवळी धूळ. नाक खाजवलं. तीन वेळा खाजवलं, तीन जण पळाले, तिघेही बाद. १४-१ ने हरलो. खाज कोणती आणि खूण कोणती, एवढंही कळू नये? शी!

१७ जानेवारी
चारुता फोल्डिंग खुर्ची आणि थर्मास घेऊन मैदानावर आली. घरी बसून कंटाळते म्हणे. नवऱ्याला बघायला बायकोने यावं, ठीक. पण ही बरोबर माझ्या पाठीमागे बसून संत्री सोलते. सालं माझ्या बुटांपाशी. शाळेत असताना अमरावतीकडून सॉफ्टबॉल नॅशनलला गेले होते, असं सगळ्यांना सांगत होती. मुलींचं ते वेगळं असतं.
५-४ ने हरलो. माझी छाप दिसायला लागली.

३१ जानेवारी
सलग दुसरा विजय! मी टोपीला हात लावला, म्हणजे थांब. संग्राम पळाला आणि चक्क पोचला. विचारलं तर म्हणाला, साहेब, तुमच्या मनातलं ओळखलं. त्याच क्षणी चारुता चहा ओतत होती, अर्धा माझ्या पँटवर. पांढरी पँट. या बाईला वेळकाळ नाही.

७ फेब्रुवारी
तिसरा विजय. आज मुद्दाम सगळ्या खुणा उलट्या केल्या. तरी जिंकलो. याला दरारा म्हणतात. पोरं माझ्या नजरेला नजर देत नाहीत, खांद्यावरून पलीकडे बघतात. आदर, दुसरं काय.
एक खटकलं. चारुताने संत्रं सोलायला घेतलं की हारून धावता धावता थांबतो. एवढी भूक? उपाशी येत असेल तर सांगावं.

१४ फेब्रुवारी
फायनलमध्ये! एगैलाच्या मॉलमधून नवी टोपी घेतली. चारुताला स्पष्ट सांगितलं, पुढच्या शुक्रवारी घरी थांब, मैदान म्हणजे पिकनिक नाही. तिने संत्र्यांची पिशवी फ्रिजमध्ये ठेवून दिली.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
फायनल. पाच इनिंग्ज, ०-६. खुणा करून करून खांदा भरून आला. अख्खी टीम माझ्यामागच्या रिकाम्या जागेकडे बघत उभी. भाभी कुठे आहेत, हारूनने चौथ्यांदा विचारलं. मग म्हणाला, साहेब, गाडी काढा आणि त्यांना घेऊन या. चालू मॅचमधून मॅनेजरला बायको आणायला पाठवतात! किळस आली मला या लीगची.
गेलो. चारुता खुर्ची आणि पिशवी घेऊन बिल्डिंगखालीच उभी होती. हारूनचा फोन आला होता म्हणे.
तिला गेटवर सोडलं. पार्किंग मिळेना. मैदानाभोवती बारा फेऱ्या मारल्या. तेराव्या फेरीला आतून आरडाओरडा ऐकू आला. ७-६. आम्ही जिंकलो. मी रिव्हर्समध्ये होतो.

२२ फेब्रुवारी
ग्रुपवर ‘ब’ गटाची यादी आली. मॅनेजर : चारुता. माझं नाव सर्वांत खाली. जबाबदारी : खुर्ची, थर्मास, ने-आण.
चारुताला विचारलं. चहा ओतला की पळायचं, संत्रं सोललं की थांबायचं, हे महिनाभर ठरलेलंच होतं म्हणाली. तुला कशाला दुखवायचं, म्हणून बोलले नाही. तेवढं बोलून ती माझ्या पँटवरचा चहाचा डाग घासत बसली. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं.
बाल्कनीत जाऊन बसलो. आज परत धूळ आहे. पाच मिनिटं नाक खाजवलं. कुणीही पळालं नाही.