मागचे दोन टायर

दादा,

आई दवाखान्यात आहे. कपाळाला तीन टाके पडलेत, तासाभरात सोडतील. आम्ही दोघी येत होतो, पुलाजवळच्या ओल्या वळणावर माझी गाडी मागून घसरली, कठड्यावर आदळली आणि मागचा टायर फुटला. तो काढताना माझे हात काळेकुट्ट झाले. परवा तू हौसेने माझ्या गाडीला मागचे दोन नवे टायर बसवून आणलेस, त्यांना काळं पॉलिश कशाला? पुसून पाहिलं तर खाली तुझ्या गाडीचे जुने, गुळगुळीत झालेले.

आईला आणायला तुझी गाडी नेतेय. माझी तुझ्यासाठी ठेवलीय. बारीक स्टेपनी मागे लावलीय, ती पुढे घेऊ नकोस आणि ऐंशीच्या वर पळवू नकोस.

"चांगले टायर नेहमी मागे. गाडी मागून सुटली की कोणाच्या बापाला आवरत नाही," हे मला तूच शिकवलंस. टायरांची अदलाबदल केलीस, पण एवढा धोका तुझ्या लक्षात आला नसेल, अशी वाटभर मनाची समजूत घालत आले. दारात तुझी गाडी उभी होती. माझे दोन्ही नवे टायर तिला लावलेले, आणि बरोब्बर मागेच.

छोटी