बोईसरचं घर माझ्या नावावर

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार. सेंट जॉन्स, कॅनडा

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या मुलाने, सुजीतने, माझ्या पर्समधून त्याच्या फ्लॅटची चावी काढून घेतली. न विचारता.

कारण काय, तर मी सुके बोंबील भाजले. छताला लावलेली धुराची डबी केकाटायला लागली आणि अख्खी बिल्डिंग गाऊनवर खाली थंडीत उभी. "आई, आजपासून शेगडीला हात लावायचा नाही. आणि एकटीने बाहेर पडायचं नाही."

मला सांगतोय. तारापूरच्या केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते मी. गळतीचा भोंगा झाला की वाऱ्याची दिशा बघून अख्खी शिफ्ट बाहेर काढायचे. बोंबील तर करपलेही नव्हते.

९ नोव्हेंबर, रविवार

खरं दुखणं आज कळलं. जेवताना सुजीत म्हणाला, "इथे तुला जमत नाही, मग बोईसरला एकटी कशी राहशील? आता इथेच राहा." बोईसरचा फ्लॅट विकायचा. तिथला घरांचा दलाल मेहुल सगळं बघेल, मी फक्त सही करायची.

फक्त!

नाही केली. सूनबाई हेतल ताटातला भात चिवडत बसली होती.

१२ नोव्हेंबर

हिटरचा आवाज ऐकला. दिवसभर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलेच बाहेर, एकटी. सुजीत कामावर, हेतल आत मीटिंगमध्ये. दार ओढून घेतलं.

बसमध्ये चढले आणि सरळ सीटवर जाऊन बसले — बोईसरच्या शेअर रिक्षासारखे पैसे उतरताना देणार होते. ड्रायव्हर बस हलवेना. सगळे बघताहेत. शेवटी म्हणाला, "माय लव्ह, आधी पैसे."

माय लव्ह! चौसष्टाव्या वर्षी! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरने त्याला बाकावर उभा केला असता.

उतरायचं तर बटण दाबावं लागतं, हे स्टॉप गेल्यावर कळलं. पोचले शेवटी बंदराशी. मासळीच्या दुकानात पोरगी म्हणे, बांगडे एकदम ताजे. कल्ले उघडून दाखव म्हटलं. तपकिरी पडलेले. "कालचे असतील," म्हणाली. परवाचे होते. घेतले नाहीत.

परतले तर हेतल दारात, रडवेली. "मम्मी, ह्यांना सांगू नका हं. तुम्ही बसने गेलात? मला सहा वर्षांत नाही जमलं."

जमू दिलं असेल कोणी तर ना.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आता रोज जाते. आज हेतलला नेलं. बटण तिने दाबलं — दोन स्टॉप आधीच. थंडीत चालत गेलो, पण दाबलं तिनेच. ड्रायव्हर तिलाही 'माय लव्ह' म्हणाला. सगळ्यांनाच म्हणतो मेला. ही लाजली, वेडी.

२३ नोव्हेंबर, रविवार

बोईसरहून खालच्या मजल्यावरच्या मंजुळाचा फोन. "मॅडम, तुमी घर इकलं काय? मना नाय सांगलं. मेहुल चार मानसा घेऊन आला होता, तुमच्या बेडरूमचं माप घेत होती."

माझ्या बेडरूमचं.

सुजीतने त्याच्याकडची चावी मेहुलला केव्हाच देऊन ठेवलीय. विचारलं तर म्हणतो, "अगं, नुसतं दाखवलं. तुझ्याच काळजीने करतोय ना?"

काळजीला कॉट किती फुटांची लागते, तेही मोजलं असेल.

२५ नोव्हेंबर

विमान कंपनीला मीच फोन केला. तिकिटाची तारीख पुढची होती, अलीकडे आणली. हेतल शेजारी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "मम्मी, तुमची बॅग मी भरते." सुजीत दोन दिवस बोलणार नाही. बरं होईल.

२ डिसेंबर, मंगळवार. बोईसर

काल पोचले. एकटी. आज दाराचं कुलूप बदललं, नवी चावी मंजुळाकडे. सुजीतला कळवलं: माझ्या घरात माणसं शिरवायचा हक्क तुला कोणी दिला? मृत्युपत्र करायला बसलेय, त्यात 'घर कोणाला' ह्यापुढची जागा अजून कोरी आहे. उत्तर लेखी हवं, येत्या रविवारी, ७ तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत. फोन उचलणार नाही.