कार्बोरेटरमधली कणी

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

अड्याळ, शनिवार

आदरणीय संजीवभाऊंना तुलारामचा अड्याळहून रामराम.

जबलपूरची थंडी तुमच्या गुडघ्याला मानवली का, वहिनींचा खोकला उतरला का, आणि बदलीनंतर मिळालेल्या नव्या क्वार्टरपुढे इथल्या जवाहरनगरच्या क्वार्टरसारखं कडुनिंबाचं झाड आहे का, हे सविस्तर कळवावं. (फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही लगेच “बरं, ठेवतो” म्हणता. पत्राला तसं म्हणता येत नाही.) माझी प्रकृती मारुतीच्या कृपेने ठीक आहे. आपल्या गाडीची नाही.

आपण दोघांनी मिळून घेतलेली ही अँबॅसेडर आता विकून टाकावी असं तुम्ही म्हणालात आणि नागपूरच्या भय्याजींना माझा नंबरही दिलात. हा माणूस जुन्या गाड्या सजवून वरातीला भाड्याने देतो. तुमचा शब्द मी मोडणार नाही. पण कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत होतं, आणि दुसऱ्याचा नवरदेव अशा गाडीत बसवायला माझं मन तयार होईना. म्हणून आधी दुरुस्ती करायची ठरवली. दरवर्षी आपण दोघं करायचो तशीच, फक्त या वेळी एकट्याने.

आंघोळ करून कार्बोरेटर खोलला. खोललेल्या भागाची पूजा केल्याशिवाय मी दुरुस्ती सुरू करत नाही हे तुम्हाला माहीत आहे (तुम्ही त्यावर हसायचा, पण नारळाचा मोठा तुकडा तुम्हीच उचलायचा). झाकण पाटावर उलटं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. उदबत्ती लावली नाही. पेट्रोलसमोर भक्तीलाही मर्यादा असते. अक्षता घ्यायला डबा उघडला तर त्यात नुसती कणी. रुखमा देवाघरी गेल्यापासून मी राइस मिलमधून कणीच आणतो, एकट्याच्या भाताला ती पुरते. इथे भोवताली एवढं धान पिकतं आणि माझ्या घरात अख्खा तांदूळ नाही, याची जरा लाज वाटली. पण देव समजून घेईल म्हणून तीच कणी हळदीत घोळून वाहिली. मग नवीन पॅकिंग बसवलं, स्क्रू आवळले आणि नमस्कार करून गाडी सुरू केली. आधी ठिबकत होतं ते आता वाहायलाच लागलं.

कुठून वाहतं ते बघायचं तर एकाने आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा आणि दुसऱ्याने बॉनेटमध्ये डोकं घालायचं. दाबायला तुम्ही असायचा. मी पेडलवर वीट ठेवली. इंजिन असं गरजायला लागलं की शेजारच्या उषाबाई हातात पोळपाट घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी दोन-तीन हाका मारल्या म्हणे, मला ऐकू आल्या नाहीत. मी आपला वाकून बोलत होतो, थोडं दाबा, आता सोडा, परत दाबा. त्यांनी आत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“भाऊजी, कोणाशी बोलून राहिले? आत त वीट बसली हाय.”

मी म्हटलं, सवय आहे. त्या पोळपाट घेऊन परत आत गेल्या. संध्याकाळी भाजी पाठवली, वांग्याची, नेहमीपेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं खोललं. झाकणात पेट्रोल येण्याचं ते बारीक भोक असतं ना, जे सुईने बंद होतं, त्या भोकात आणि सुईमध्ये एक पिवळी कणी अडकून बसली होती. सुई मिटणार कशी? अक्षता म्हणजे न मोडलेला दाणा, असं आई सांगायची. तेव्हा वाटायचं की हा देवाचा मान आहे. आता कळलं की अख्खा दाणा त्या भोकात शिरलाच नसता. देवाने शिक्षा केली असं मी म्हणत नाही. नियम कशासाठी असतो तेवढं दाखवून दिलं. (गावात हे कोणाला कळलेलं नाही. उषाबाईंना मी कचरा होता असं सांगितलं आहे.)

कणी काढली. तरीही एवढ्यात खात्री देता येणार नाही. थोडे दिवस लक्ष ठेवावं लागेल, असं माझं मत आहे. तोवर विक्रीची घाई नको. वहिनींना नमस्कार.

आपला,
तुलाराम

ता. क. (चार दिवसांनी, पत्र अजून टाकलेलं नाही.) गळती पूर्ण थांबली आहे. खाली ठेवलेली वाटी रोज कोरडी असते.

ता. क. भय्याजी काल येऊन गेले. चहा दोनदा घेतला. गाडी चालवून आले आणि म्हणाले, “काका, गाडी त एकदम टनाटन हाय. मंग अडलं कायले?” दुसऱ्या मालकाची सही लागते, असं म्हणालो. ते म्हणाले, पोस्टाने मागवा. कागद सोबत ठेवला आहे.

ता. क. सहीसाठी तुम्ही स्वतः यावं. शनिवारी सकाळी पोचलात तर नेहमीसारखं गाडीने मारुतीला जाऊन येऊ, आणि दुपारी खुशाल विकून टाकू. माझी हरकत नाही.

ता. क. येणं जमत नसेल तर सही पोस्टाने पाठवू नये. पाठवलीत तरी ती मिळाली नाही असंच मी भय्याजींना सांगणार आहे. मारुतीच्या कानावर आधीच घालून ठेवलं आहे.