पोपटबाईचा आकडा

रविवार, ९ तारीख

पोपटबाईला भरती केलं. दादाची मुलगी, सहा वर्षांची, एरवी तोंड म्हणून मिटत नाही. साध्या तापाचं निमित्त झालं आणि हृदयालाच सूज! आमच्याच हॉस्पिटलात, माझ्या लॅबच्या वरच्या मजल्यावर.

तिचं रक्त तपासायला मशीनला मीच लावलं. घरच्या माणसाचं लावू नये म्हणतात. म्हणोत. हृदयावर ताण आला की रक्तात एक घटक वाढतो, तो बघायचा होता. मशीन पस्तीस हजारांपर्यंतच मोजतं. तिचा 'मर्यादेबाहेर' आला. मग नेहमीची रीत — नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावला, आलेल्या आकड्याला दहाने गुणलं. एकेचाळीस हजार.

सोमवार, १०

डॉक्टरबाई आडपडदा न ठेवता बोलल्या. "उद्याचा आकडा निम्म्यावर आला तर इथेच ठेवू. नाही आला तर लगेच मोठ्या हॉस्पिटलात, हृदयाला आधार देणाऱ्या मशीनवर. उशीर परवडणार नाही." वहिनी सारखी माझ्याकडेच बघत होती.

मंगळवार, ११

तीन हजार आठशे!

वेळ जाऊ नये म्हणून आज नमुना आधीच पातळ करून ठेवला होता. मशीनने एका फटक्यात आकडा दिला, कुरकुर नाही. तपासून दुसरी सही करणारी जेवायला गेली होती. तीही मीच ठोकली. दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले.

डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी. "इतक्या झपाट्याने? पुन्हा लावता का?" मला रागच आला. म्हटलं, मी स्वतः लावलाय, वीस वर्षं हेच करतेय. गाडी सांगून ठेवली होती, ती त्यांनी रद्द केली.

दादा भिंतीकडे तोंड करून रडला. पोपटबाईने विचारलं, "आत्या, माझं रक्त पास झालं?" म्हटलं, पहिल्या नंबराने.

बुधवार

पाय सुजलेत तिचे. बोलत नाही. आकडा चांगला आहे, असं मी सगळ्यांना सांगत सुटलेय.

गुरुवार, १३

सकाळी कोसळली. बावन्न हजार. "एकदम उसळला," सगळे म्हणतायत. दुपारी गाडीतून हलवलं. अर्ध्या वाटेतच गेली.

रविवार, १६

दादाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "छोटी, तुझ्यामुळे निदान दोन दिवस आशेवर निघाले गं."

सोमवार, १७

कामावर गेले. नोंदवही उघडली. मंगळवारची ओळ. 'दहापट पातळ' — माझंच अक्षर. शेजारी तीन हजार आठशे. गुणलेलंच नाही.

अडतीस हजार. आकडा उतरलाच नव्हता.

दादा तिचे कागद न्यायला आलाय, बाहेर बाकावर बसलाय. वही घेऊन जातेय त्याच्याकडे.