साहेबांचं पोट

७ ऑगस्ट

चि. भाऊस,
अ. उ. आ.

फोन केला की तू दुसऱ्या वाक्याला मीटिंगमध्ये जातोस, म्हणून पत्र लिहितेय. पत्राला मध्येच ठेवून देता येत नाही.

बाबांचं खुब्याचं हाड जुळलंय. डॉक्टर म्हणतात, आता वॉकर धरून उभं राहायलाच हवं. आणखी महिनाभर असेच पडून राहिले तर पायातलं बळ जाईल आणि मग कायमचे खाटेला खिळतील. पण ऐकतील तर ते बाबा कसले! जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त करताना घरमालकांवर खेकसले, आता डॉक्टरवर खेकसतात. त्यांचं एकच पालुपद, मुलगा आला की उठेन. तेव्हा तू दोन दिवस येऊन जा, एवढंच मागणं.

मी दिवसभर लोकांना गाडी शिकवत फिरते. तेवढा वेळ त्यांना सोबत कुणाची, तर बढतीवर जाताना तू त्यांच्या उशाशी ठेवून गेलास त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची. त्यातल्या तुझ्या लाडक्या पिवळ्या माशाचं नाव बाबांनी ‘साहेब’ ठेवलंय. तोंड वाकडं करतो आणि कुणी हाक मारली की पाठ फिरवतो, म्हणून. कुणाची आठवण येते ते विचारू नकोस. साहेबांचं पोट सध्या फुगलंय, खाणंपिणं सोडलंय.

बाकी क्षेम. आशीर्वाद आहेतच, ते न्यायला तरी ये.

ताई

१४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून काळजाचा ठोकाच चुकला. फुगलंय म्हणजे नेमकं किती? एकाच बाजूनं की दोन्ही? खवले उभे राहिलेत का? शी करतो का? या गोष्टी आधी लिहायच्या असतात गं!

आता नीट वाच. बद्धकोष्ठ असावं. त्यावर उपाय एप्सम सॉल्ट, तू ज्यात बाबांचे पाय बुडवतेस तेच. पण ते टाकीत टाकायचं नाही. टाकीतलंच पाणी वेगळ्या बादलीत घ्यायचं, हवेची नळी सोडायची, दहा लिटरला एक सपाट चमचा विरघळवायचा आणि साहेबाला पाव तास त्यात ठेवायचं. नावात मीठ आहे म्हणून ते समुद्राचं मीठ समजू नकोस. त्यात मॅग्नेशियम असतं, आणि टाकीच्या पाण्यात ते मी बेतानं राखलेलं आहे. वरून ओतलंत तर माझी प्रवाळं बिथरतील. तीन वर्षं जपलीत मी ती, तळहातावरच्या फोडासारखी.

माझं येणं मात्र अवघड आहे. तिमाही ऐन भरात आहे, रजा म्हटलं की वरच्यांच्या कपाळाला आठी पडते. बाबांना म्हणावं, इच्छाशक्ती हवी. त्यावर एक छान पुस्तक पाठवतोय.

साहेबाची खुशाली रोज कळव. ती. बाबांना शि. सा. न. लोभ असावा, आणि बादली स्वच्छ असावी.

भाऊ

२२ ऑगस्ट

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं, हीच माझी चूक. एप्सम सॉल्टपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, तुंबलंय ना, मग ओता की! जन्मभर तुंबलेल्या मोऱ्यांत पावडरी ओतलेला माणूस तो, त्याला बादली कशाला हवी? मी शिकवणीला गेले. शिकणाऱ्या बाईनं गाडी फुटपाथवर घातली, तर निदान दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली होता. घरी कुठला ब्रेक? बाबांनी काठीनं खाटेखालचा एप्सम सॉल्टचा पुडा ओढला आणि पडल्या पडल्या अर्धा टाकीत रिकामा केला. मी आले तेव्हा पाणी गढूळ, तुझी प्रवाळं अंग चोरून बसलेली, आणि हे पुण्यकर्म केल्यासारखे घोरत होते. उशी उचलली तर खाली बिस्किटांचा पुडा. रोज एक स्वतःला, एक साहेबांना. दोघांचीही पोटं का बिघडली ते कळलं.

तुझं पुस्तक पोचलं. खाटेचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली बरोबर बसलं. माशाच्या शीवर एवढं लिहिलंस आणि बापाला इच्छाशक्ती! शाबास रे पठ्ठ्या.

आता वाईट बातमी. साहेब गेले. आज सकाळी. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. धीर धर, दुसरं काय सांगू.

ताई

२८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टाकीत टाकू नका म्हणून लिहिलं होतं ना मी? या घरात माझं कधी कुणी ऐकलंय?

रजा टाकलीय. घरात मयत झालंय एवढंच सांगितलं, कुणाचं ते त्यांनी विचारलं नाही. पाच दिवस मिळाले. रविवारी पोचतो. साहेबाला टाकून देऊ नकोस, फ्रीजरमध्ये ठेव. मला त्याला एकदा बघायचंय. बाबांना काही बोलणार नाही, पण मन मोडलंय माझं. लोभाचं आल्यावर बघू.

भाऊ

रविवार, दाराला अडकवलेली चिठ्ठी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

फ्रीजर धुंडाळायला आत धावू नकोस. साहेब जिवंत आहेत.

बाबांनी पुडा ओतला त्याच संध्याकाळी तू लिहिल्याप्रमाणे त्यांना बादलीत बसवलं, टाकीचं पाणी थोडं थोडं करून बदललं, बिस्किटं बंद करून शेवाळ चारलं. दोन दिवसांत साहेबांनी असा काही निचरा केला की बाबांनी टाळ्या वाजवल्या. प्रवाळंही उमललीत. माशांच्या बाबतीत तुझी अक्कल शंभर नंबरी आहे, हे मी लेखी देते.

खोटं मी लिहिलं, डोकं बाबांचं. म्हणाले, बाप पडलाय म्हणून रजा मिळत नाही, मासा मेला म्हणून मिळते का बघू. पैज लागली. तू येणार नाहीस म्हणाले मी, आणि हरले. आनंद मानावा की रडावं तेच कळेना. तुझं मयताचं पत्र ऐकून बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग खरोखरच भिंतीकडे तोंड करून पडले. फार राग आला मला तुझा.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी आपणहून वॉकर मागितला. तो येईल तेव्हा मी त्याला आडवा दिसता कामा नये, म्हणाले. तेव्हापासून रोज धडपडत, तुला आणि वॉकरला सारख्याच शिव्या घालत चालतात. रात्री पाय सुजतात, मग पुड्यात उरलेल्या एप्सम सॉल्टमध्ये बुडवून बसतात.

माझी आज शिकवणी आहे. तुझ्याकडे किल्ली आहे, ती खिशातच राहू दे. बेल वाजव आणि उभा राहा. दार त्यांना स्वतः उघडायचंय, आणि खाटेपासून इथवर यायला त्यांना फार वेळ लागतो. पुन्हा बेल दाबू नकोस, फोन काढू नकोस, आत कितीही आदळआपट ऐकू आली तरी हाका मारू नकोस. आम्ही तुझी एवढी वाट पाहिली, आता तू थोडी बघ.

लोभ आहेच, मेल्या.

ताई